गोड्या पाण्यातील गुलाबी मोत्यांच्या नेमक्या छटा कोणत्या, आणि त्यांतला अंगचा रंग कसा ओळखावा?

आपण लिहिले आहे की गोड्या पाण्यातील मोत्यांच्या दोन माळा आपल्याला दाखवण्यात आल्या. एक अबोलीकडे झुकणारी आणि मोत्यागणिक किंचित वेगळी होती, तर दुसरी पहिल्यापासून शेवटच्या मोत्यापर्यंत एकसारखी गडद गुलाबी. विक्रेत्याने दोन्हींना ‘नैसर्गिक गुलाबी’ असेच म्हटले, शिवाय बोलण्याच्या ओघात पीच, रोझ, ब्लश, लव्हेंडर हे शब्दही आले. यांतला खरा गुलाबी कोणता, छटा कशामुळे पडतात आणि रंगवलेला मोती कसा ओळखावा, असे आपण विचारले आहे. मोती निवडण्याचे आणि ओवण्याचे काम मी अनेक वर्षे करते आहे, म्हणून थोडे विस्ताराने उत्तर देते.

गोड्या पाण्यातील मोत्यांत ‘गुलाबी’ नावाची, चारी बाजूंनी कुंपण घातलेली अशी एकच छटा नाही, हे सुरुवातीलाच सांगायला हवे. आज विक्रीस येणारे यातले बहुतेक मोती चीनमधील तळ्यांत, हायरिऑप्सिस कमिंगाय नावाच्या मोठ्या त्रिकोणी शिंपल्यात किंवा त्याच्या संकरित जातींत वाढवलेले असतात, आणि झेजियांग प्रांतातील झूजी हे शहर त्यांच्या व्यापाराचे मोठे केंद्र आहे. या शिंपल्याच्या मोत्यांचे उपजत रंग ढोबळमानाने तीन घराण्यांत बसतात: पांढरा ते मलईसारखा, फिकट नारिंगी ते तांबूस, आणि फिकट जांभळा ते गडद जांभळा. आपण ज्याला गुलाबी म्हणतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या घराण्यांच्या मधला पट्टा आहे. नारिंगी फिकट होत गेला की तो पीच होतो. त्यातला पिवळा अंश कमी झाला की डोळ्याला तो गुलाबी वाटू लागतो, आणि आणखी पुढे निळसर अंश शिरला की लव्हेंडर. ज्यात ना पिवळेपणा आहे ना निळेपणा असा निखळ गुलाबी मोती या पट्ट्याच्या अगदी मधोमध सापडतो आणि तो पट्टा फार अरुंद असतो. त्यामुळे गुलाबी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक माळा थोड्या इकडच्या किंवा थोड्या तिकडच्या असतात, आणि त्यात फसवणूक अशी काही नाही.

मराठीत यासाठी चांगले शब्द आहेत आणि मी निवड करताना मनात तेच वापरते. नारिंगीकडे झुकणाऱ्या गुलाबीला अबोली म्हणावे. ‘पीच’पेक्षा तो शब्द मला जास्त नेमका वाटतो, कारण अबोलीच्या फुलात नारिंगी आणि गुलाबी यांचे जे प्रमाण असते तेच चांगल्या पीच मोत्यात असते. जांभळ्याकडे झुकणाऱ्या गुलाबीला जांभळट गुलाबी एवढेच पुरे. मधल्या निखळ गुलाबीसाठी कमळाच्या पाकळीचा तो भाग डोळ्यांपुढे आणावा, जिथे टोकाचा गडदपणा संपतो आणि देठाकडचा पांढरेपणा अजून सुरू झालेला नसतो. रोझ, ब्लश, मॉव्ह या इंग्रजी नावांना मात्र सर्वांनी मान्य केलेली अशी व्याख्या नाही. एका विक्रेत्याचा रोझ हा दुसऱ्याचा पीच असू शकतो. नावावर विसंबून दूरवरून माळ मागवणारा माणूस म्हणूनच हमखास गोंधळतो.

आता या सगळ्या गोंधळाचे मूळ. मोत्यात रंग म्हणून आपल्याला जे दिसते त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: मोत्याच्या अंगचा रंग आणि त्यावर तरंगणारी झाक. या व्यतिरिक्त काही मोत्यांच्या पृष्ठभागावर इंद्रधनुष्यासारखा रंगांचा खेळ दिसतो, त्याला व्यापारात ओरिएंट म्हणतात, पण तो प्रत्येक मोत्यात असतोच असे नाही. अंगचा रंग गुलाबी असलेला मोती आणि पांढऱ्या अंगावर गुलाबी झाक असलेला मोती या दोन अगदी भिन्न वस्तू आहेत, तरी दोन्हींना सर्रास गुलाबी म्हटले जाते. समुद्रातील अकोया मोत्यांच्या बाबतीत ‘रोझ’ म्हणतात ती बहुधा पांढऱ्यावरची झाक असते. गोड्या पाण्यातील गुलाबी मोत्यात मात्र मुख्यतः अंगचाच रंग गुलाबी असतो, आणि त्यावर कधी हिरवट, कधी जांभळी, कधी पुन्हा गुलाबीच झाक येते.

हा फरक पाहायला कोणतेही उपकरण लागत नाही. एक सुटा मोती चकाकी नसलेल्या पांढऱ्या कागदावर ठेवावा आणि खिडकीपाशी, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी, तो पाहावा. मोत्यावर खिडकीचे लहानसे प्रतिबिंब पडते, तिकडे तूर्त लक्ष देऊ नये. त्या प्रतिबिंबाच्या कडेने जी पातळ चंद्रकोर दिसते तिथे झाक असते, आणि मोत्याच्या सावलीकडच्या बाजूला, जिथे चमक सर्वांत कमी असते, तिथे अंगचा रंग दिसतो. मग बोटाने मोती हळूच अर्धा फिरवावा. अंगचा रंग जागचा हलत नाही. झाक मात्र प्रकाशाबरोबर सरकते, आणि मोत्याची बाजू बदलली की तिचा रंगही बदलू शकतो. मला निवडीचे काम शिकवणाऱ्या बाईंनी पहिले काही दिवस दुसरे काहीच करू दिले नव्हते. नुसते मोती फिरवायचे आणि सावलीतला रंग सांगायचा. तेव्हा ते कंटाळवाणे वाटले होते, पण पुढे बाकी सगळे त्याच्यावरच उभे राहिले.

या दोन रंगांची कारणेही वेगवेगळी आहेत. मोती बनतो तो कॅल्शियम कार्बोनेटच्या ॲरागोनाइट या स्फटिकरूपाच्या अतिसूक्ष्म चकत्यांचा. प्रत्येक चकतीची जाडी साधारण अर्धा मायक्रोमीटर, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्याच मापाची असते. चकत्यांचे थरावर थर बसतात आणि त्यांच्यामध्ये सेंद्रिय द्रव्याचे पातळ पापुद्रे असतात. या साऱ्या रचनेला नेकर म्हणतात. वेगवेगळ्या थरांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात तेव्हा काही रंग उठून दिसतात आणि काही मावळतात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात त्याच जातीचा हा प्रकार आहे, आणि झाक व इंद्रधनुषी खेळ यातूनच येतात. अंगच्या गुलाबी रंगाचे कारण मात्र खऱ्या अर्थाने रंगद्रव्य आहे. मोत्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडची प्रक्रिया केली की रंग उतरतो, यावरूनच ते द्रव्य सेंद्रिय असावे असा कयास करता येतो. रामन वर्णपटमितीने, म्हणजे पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशावरून त्यातले द्रव्य ओळखण्याच्या पद्धतीने, तपासल्यावर रंगीत मोत्यांत पॉलिईन वर्गातील, म्हणजे कार्बन अणूंच्या लांब साखळीत एकाआड एक दुहेरी बंध असलेल्या, रंगद्रव्यांच्या खुणा ११३० आणि १५२० प्रतिसेंटीमीटरच्या आसपास मिळतात. नारिंगी, गुलाबी आणि जांभळ्या मोत्यांत याच वर्गातील द्रव्यांचे मिश्रण कमीअधिक होत जाते, म्हणून या छटा एकमेकींत इतक्या सहज विरघळतात. एक योगायोग मला फार आवडतो. ज्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते, त्यांनी १९३० च्या दशकात शिंपल्यांच्या इंद्रधनुषी रंगांचाही अभ्यास केला होता. म्हणजे झाकेचा उलगडा करण्यात त्यांचा स्वतःचा वाटा, आणि अंगच्या रंगाचा उलगडा त्यांच्या पद्धतीने झाला.

एकाच शिंपल्यातून वेगवेगळ्या छटांचे मोती कसे निघतात, हेही यावरून समजते. या मोत्यांच्या पारंपरिक लागवडीत मणी, म्हणजे ज्याच्याभोवती मोत्याचे थर चढावेत असा गोल गाभा, शिंपल्यात घालत नाहीत. एका दात्या शिंपल्याच्या प्रावरणाचे, म्हणजे शिंपला आतून अस्तरासारखा झाकणाऱ्या मांसल पडद्याचे, काही मिलिमीटरचे चौकोनी तुकडे कापून ते दुसऱ्या शिंपल्याच्या प्रावरणात खोवले जातात. एकेका शिंपल्यात असे वीस-तीस किंवा त्याहूनही अधिक तुकडे बसवतात. प्रत्येक तुकडा वाढून पिशवी बनतो आणि त्या पिशवीत काही वर्षांत मोती तयार होतो. मोत्याचा रंग बऱ्याच अंशी दात्या शिंपल्याच्या आतल्या थराच्या रंगावर आणि तुकडा प्रावरणाच्या कोणत्या भागातून घेतला यावर ठरतो. यजमान शिंपला आणि पाणी यांचाही त्यात भाग असतो. त्यामुळे शिंपला उघडल्यावर पांढरा, अबोली आणि जांभळट असे मोती शेजारी शेजारी पडलेले दिसले तर त्यात नवल नाही. गुलाबी माळ म्हणून जी आपल्या हाती येते ती एका शिंपल्याची नसते, तर पुष्कळ शिंपल्यांतून वेचलेल्या, जवळच्या छटांच्या मोत्यांची असते. नैसर्गिक रंगाच्या माळेत मोत्यामोत्यांत थोडा फरक राहणारच, तो यामुळे.

मणी घालून वाढवलेले मोती वेगळे. जपानमधील बिवा सरोवर एके काळी गोड्या पाण्यातील मोत्यांसाठी प्रसिद्ध होते, पण १९७० च्या दशकानंतर प्रदूषणामुळे तिथले उत्पादन ओसरत गेले. कासुमिगाउरा या दुसऱ्या जपानी सरोवरात संकरित शिंपल्यांत मणी घालून मोती वाढवले गेले, आणि त्यांचा गुलाबी रंग फार नावाजला गेला. ते आजही थोडेच मिळतात. चीनमध्ये एडिसन या व्यापारी नावाने विकले जाणारे मोठे, मणी घातलेले मोती याच पंथातले. त्यांत धातूसारखी चमक असलेले गडद जांभळे आणि तांबूस गुलाबी रंग निघतात. म्हणून ‘गडद म्हणजे रंगवलेलाच’ असा नियम करता येत नाही, मात्र गडद रंग दिसला की दोन प्रश्न अधिक विचारावेत हे खरे.

गुलाबी मोत्याचे आकर्षण काही लागवडीनंतर आलेले नाही. १८५७ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, पॅटरसन गावाजवळच्या नॉच ब्रूक या ओढ्यात ९३ ग्रेन वजनाचा, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅमहून थोडा अधिक, गुलाबी मोती सापडला. टिफनी या अमेरिकी जवाहिऱ्यांमार्फत तो फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी हिच्याकडे गेला आणि ‘क्वीन पर्ल’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्या बातमीने लोक ओढ्यांवर असे तुटून पडले की पाहता पाहता तिथले शिंपले संपत आले.

प्रकाशाविषयी थोडे अधिक लिहिते, कारण छटेच्या बाबतीत सर्वाधिक चुका इथेच होतात आणि मीही त्यातून सुटलेले नाही. पिवळसर दिव्याखाली अबोली मोती जास्त नारिंगी दिसतो, आणि जांभळट गुलाबी मोत्यातला निळसर अंश मरून तो छान निखळ गुलाबी वाटू लागतो. एकदा कामाच्या घाईत मी रात्री पिवळ्या दिव्याखाली सात मिलिमीटरच्या साठेक मोत्यांची माळ जुळवली आणि प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारत पूर्णही केली. सकाळी ती खिडकीपाशी नेली तेव्हा एका बाजूचे अकरा मोती सरळ लव्हेंडरकडे गेलेले दिसले. ते एकटे असते तर कदाचित खपून गेले असते, पण अबोली मोत्यांच्या शेजारी त्यांचा निळसरपणा दुप्पट होऊन डोळ्यांत खुपत होता. सगळ्या गाठी कापून माळ पुन्हा ओवावी लागली. तेव्हापासून छटा जुळवण्याचे काम मी दिवसाच करते. ढगाळ दिवसाचा उजेड त्यासाठी उत्तम. ते शक्य नसेल तर दिवसाच्या उजेडाजवळ जाणारा, ५५०० ते ६५०० केल्विनचा दिवा वापरावा. माळ पाहताना आपले कपडे आणि खाली अंथरलेले कापडही रंगीत नसावे, कारण मोती भोवतालचा रंग आरशासारखा उचलतो. गुलाबी मखमलीवर ठेवलेला पांढरा मोतीही गुलाबी होतो! छायाचित्रावरून छटा ठरवण्याचे धाडस मी स्वतः करत नाही. करावेच लागले तर त्याच चित्रात मोत्यांशेजारी कोरा पांढरा कागद ठेवायला सांगावे, म्हणजे कॅमेऱ्याने रंग कुठे ओढला आहे त्याचा अंदाज येतो.

आता रंगवलेल्या मोत्यांविषयी. गोड्या पाण्यातील पांढऱ्या मोत्यांवर सहसा विरंजनाची, म्हणजे रंग उडवून पांढरे करण्याची, प्रक्रिया झालेली असते, आणि तशा मोत्यांना गुलाबी रंग देणे अवघड नाही. किरणोत्सर्गाच्या प्रक्रियेने हे मोती करडे, काळपट होतात, गुलाबी होत नाहीत. म्हणून गुलाबीबाबत शंका आली तर ती रंगाचीच घ्यावी. रंगवणे हा गुन्हा नव्हे, ते न सांगणे ही लबाडी आहे. ओळखीची पहिली खूण आपण स्वतःच लिहिली आहे: पूर्ण एकसारखेपणा. दुसरी खूण वेजापाशी, म्हणजे दोरा ओवण्यासाठी पाडलेल्या भोकापाशी, मिळते. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून मोत्याच्या वेजाची कड पाहावी. रंगवलेल्या मोत्यात रंग वेजाच्या कडेला, बारीक चिरांत आणि पृष्ठभागावरच्या खळग्यांत साचून इतर अंगापेक्षा गडद दिसतो. एका माळेत तर मी वेजाभोवती पेनाने काढावे तसे गुलाबी कडे पाहिले होते, आणि दोरा ओढून काढला तेव्हा पांढऱ्या रेशमावर प्रत्येक वेजाच्या जागी गुलाबी डाग उमटलेला होता. विक्रेत्याने ती माळही नैसर्गिक म्हणूनच दिली होती. उपजत रंगाच्या मोत्यात असे साचणे नसते. मणी न घातलेला मोती असेल तर वेजातून आत पाहताना तोच रंग, कुठे थोडा फिका तर कुठे थोडा गडद अशा वलयांनी, आतपर्यंत गेलेला दिसतो. मणी घातलेल्या मोत्यात आतला पांढरा मणी आणि बाहेरचा रंगीत थर यांच्यातली रेषा स्पष्ट दिसते, आणि तीही दोषाची खूण नाही.

मोती दाताला घासून पाहण्याची जी पद्धत सांगतात तिचा इथे उपयोग नाही. खरा मोती दाताला किंचित खरखरीत लागतो, पण रंगवलेला मोतीही खराच मोती असतो. ॲसिटोन किंवा तसले काही कापसाने लावून पाहण्याचा सल्लाही मी देणार नाही, कारण नुकसान झाले तर ते आपल्या पदरी पडेल. माळ मोलाची असेल आणि शंका फिटत नसेल, तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा अहवाल घ्यावा आणि त्यात रंगाच्या उगमाचा स्पष्ट उल्लेख आहे ना ते पाहावे.

कोणी ‘कोंच पर्ल’ दाखवून तोही गुलाबी मोतीच म्हणू लागला, तर तो अगदी निराळा जिन्नस आहे एवढे ध्यानात ठेवावे. कॅरिबियन समुद्रातील मोठ्या शंखात तो होतो. त्यावर नेकर नसते, आणि त्याचे सौंदर्य ज्वालेसारख्या दिसणाऱ्या रेषांत असते. गोड्या पाण्यातील मोत्यांच्या छटांशी त्याची तुलना करू नये.

छटा आवडली तरी मोत्याचे पाणी, म्हणजे त्याची चमक, आधी पाहावे, असे माझे मत आहे. ज्या मोत्यावर खिडकीच्या चौकटीच्या कडा रेखीव दिसतात, त्याचा फिका अबोली रंगही आतून उजळल्यासारखा वाटतो. ज्यावर त्या कडा पुसट होतात तो कितीही सुंदर गुलाबी असला तरी काही दिवसांनी खडूसारखा वाटू लागतो. मळकट पाण्याचा गडद मोती आणि स्वच्छ पाण्याचा फिका मोती यांत मी नेहमी दुसराच उचलते. रंग टिकावा म्हणून माळ उन्हात किंवा तापलेल्या जागी ठेवू नये, अत्तर आणि घाम लागलेला असेल तर मऊ ओलसर कापडाने पुसून, दोरा पूर्ण सुकल्यावरच डबीत ठेवावी.

आपल्या दोन माळांपैकी पहिलीचे वर्णन उपजत रंगाच्या माळेशी तंतोतंत जुळते, आणि मोत्यामोत्यांतला तो किंचित फरक तिच्या बाजूचा पुरावा आहे. तो फरक गळ्यात घातल्यावर खटकतो का, एवढेच आपण दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कपड्यावर धरून पाहावे. दुसरीबद्दल ‘नैसर्गिक’ या मोघम शब्दावर समाधान मानू नये. ‘रंग उपजत आहे, बाहेरून दिलेला नाही’ असे वाक्य पावतीवर लिहून मागावे, आणि तसे लिहून मिळेपर्यंत शेवटच्या गाठीजवळचे दोन मोती थोडे सरकवून त्यांच्यामधल्या दोऱ्याचा रंग पाहून घ्यावा.